माणशी किती वीज?

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचं तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेत बांधण्याचा बेत जाहीर केला आणि घरातल्या विजेवर आपल्याकडे बऱ्याच काळाने कडाक्याचा वाद झाला. एका बाजूचं म्हणणं होतं, बिल मी भरतो, माझ्या बेडरूममध्ये सरकारचं काय काम? दुसरी बाजू थेट चंगळवादावर घसरली. पूर्वी एका पंख्याखाली आठ-आठ माणसं झोपायची, एकत्र कुटुंबं मोडली आणि उधळपट्टी सुरू झाली, असा तिचा सूर. पहिल्या बाजूने विजेला निव्वळ खाजगी मामला ठरवलं, दुसरीने तिला चारित्र्याची परीक्षा करून टाकलं. अंश किती असावेत यावर दोघंही भरभरून बोलले. तो एसी केवढ्या खोलीत चालतो, त्या खोलीत माणसं किती आणि त्या घरात अशा खोल्या किती, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. घरातल्या ऊर्जेचा हिशेब दोन गोष्टींवर ठरतो: छप्पर केवढं आणि त्या छपराखाली माणसं किती. आपली धोरणं उपकरण मोजतात, चौरस मीटर मोजतात, विजेचं कनेक्शन मोजतात. माणूस मोजत नाहीत. त्यामुळे जे कमी वापरतात त्यांच्यावर बोजा पडतो, जे भरपूर वापरतात त्यांना शाबासकी मिळते, आणि हे सगळं ऊर्जाबचतीच्या नावाखाली चालतं.

आधी आकडे पाहू. २००१ च्या जनगणनेत देशात सुमारे १९.२ कोटी कुटुंबं होती, २०११ मध्ये ती २४.७ कोटींच्या जवळ गेली. या दहा वर्षांत लोकसंख्या वाढली १७.७ टक्के, कुटुंबं वाढली २८ टक्क्यांच्या वर. माणसांपेक्षा घरं कितीतरी वेगाने वाढली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरासरी कुटुंब ४.४ माणसांवर आलेलं दिसतं. प्रत्येक नव्या घराला एक फ्रिज लागतो, एक वॉशिंग मशीन, एक गिझर, एक टीव्ही, एक वायफायचा डबा. अडीचशे लिटरचा फ्रिज वर्षाला दोनशे युनिटांच्या आसपास वीज घेतो. त्यात दोघांचं दूध असो की सहा जणांचं, आकडा फारसा हलत नाही. पाच जणांचा भात शिजवायला एका माणसाच्या भाताच्या पाचपट गॅस लागत नाही. बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर पडते, म्हणजे एसीच्या खोलीत आणखी एक माणूस आल्याने एसीवर पडणारा भार थोडाच असतो. खरा भार असतो भिंतींचा, काचांचा आणि तापलेल्या स्लॅबचा, आणि तो खोलीच्या आकाराबरोबर वाढतो. आतली माणसं कमी झाली म्हणून तो कमी होत नाही.

हे पुढे कुठवर जाऊ शकतं ते जपानमध्ये दिसतं. २०१० ते २०२० या दहा वर्षांत तिथली लोकसंख्या १२.८ कोटींवरून १२.६ कोटींवर उतरली, आणि त्याच दहा वर्षांत कुटुंबांची संख्या ५.१८ कोटींवरून ५.५८ कोटींवर चढली. २०२० मध्ये तिथल्या दर शंभर कुटुंबांपैकी ३८ एकट्या माणसाची होती. लोकसंख्या आटोक्यात आली की साधनांवरचा ताण आपोआप कमी होईल, असं मानणाऱ्यांनी हे आकडे नीट पाहावेत.

यावर सगळ्यांत जोरकस आक्षेप कार्यक्षमतेचा आहे, आणि तो हलका नाही. २०१५ नंतर उजाला योजनेतून ३६ कोटींहून जास्त एलईडी दिवे वाटले गेले आणि प्रकाशासाठी लागणारी वीज घसरली. स्टार लेबलिंगमुळे आजचा पंचतारांकित इन्व्हर्टर एसी पंधरा वर्षांपूर्वीच्या एसीपेक्षा खूपच कमी वीज घेतो. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशेबही रास्त आहे. मग आकाराची चिंता कशाला? यंत्रं सुधारत जातील तसा प्रश्न सुटत जाईल, असं हा पक्ष म्हणतो.

हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्या देशाने घरांच्या भिंतींत उष्णतारोधक थर भरले, खिडक्यांना दुहेरी काचा लावल्या, उपकरणांचे नियम कडक केले. तंत्र म्हणून हे सगळं यशस्वी झालं. पण १९७३ मध्ये तिथलं नवं घर सरासरी १६६० चौरस फुटांचं होतं, ते २०१५ मध्ये २६८७ चौरस फुटांचं झालं, आणि याच काळात घरातली माणसं सरासरी तीनवरून अडीचवर आली. अमेरिकेच्याच ऊर्जा माहिती प्रशासनाचा एक निष्कर्ष आहे: २००० नंतर बांधलेली घरं जुन्या घरांपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी मोठी, पण ऊर्जा फक्त दोन टक्के जास्त वापरतात. कार्यक्षमतेचे समर्थक हे वाक्य अभिमानाने सांगतात. मला त्यात उलट गोष्ट दिसते. चाळीस वर्षांच्या अभियांत्रिकीने जे वाचवलं ते वाढलेल्या खोल्यांनी गिळलं, आणि तेही कमी माणसांसाठी. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच मांडलं होतं: वाफेचं इंजिन सुधारलं म्हणून ब्रिटनचा कोळसा वाचणार नाही, उलट जास्त जळेल. घराच्या बाबतीत हे पूर्ण खरं नसेल, एलईडीची बचत तर खरीच आहे. पण बचत झालेले पैसे आणि वाढलेलं उत्पन्न आणखी एका बेडरूमकडे वळतं, हे आपल्या शहरांतल्या जाहिराती वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

आणि आपण या वळणाला नियमांनी आडकाठी करतो का? अजिबात नाही, त्याला प्रमाणपत्र देतो. डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता आली. तिच्यात भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॅट अशी आहे. नंतर आलेलं घरांचं स्टार लेबलही चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिट, यावरच बेतलेलं आहे. याचा परिणाम काय होतो? दोन माणसांचं चार हजार चौरस फुटांचं पेंटहाउस उत्तम काचा आणि उत्तम एसी लावून पाच तारे मिळवू शकतं. त्यातल्या तीन रिकाम्या खोल्या तर चौरस मीटरमागचा आकडा आणखी खाली आणू शकतात, कारण तिथे दिवाच लागत नाही. चार माणसांचं साडेचारशे चौरस फुटांचं घर मात्र याच फुटपट्टीवर मागे पडू शकतं. तिथे प्रत्येक चौरस फूट दिवसभर वापरला जातो, म्हणून क्षेत्रफळाच्या मानाने वीज जास्त दिसते. रिकामी जागा वाढवली की गुण वाढतात, असा मापदंड ऊर्जा वाचवायला निघालेल्या देशाला चालतो कसा? पर्यावरणपूरक इमारतींना दिल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या लीड मानांकनाने घरांसाठीच्या २००८ च्या आवृत्तीत बेडरूमच्या संख्येच्या मानाने घर फार मोठं असेल तर जास्त गुण मिळवण्याची अट घातली होती. एवढं करणं अवघड नाही.

सौरऊर्जेचं उत्तरही इथेच तपासायला हवं. वीज स्वच्छ झाली की घर केवढंही असलं तरी काय बिघडलं? आपली सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशातून येते, आणि बेडरूमचा एसी चालतो तो रात्री, छपरावरचं पॅनल थंड पडल्यावर. शिवाय ऊर्जा फक्त वापरताना लागत नाही. सिमेंट, सळई, काच, टाइल्स यांत ती घर उभं राहण्याआधीच खर्ची पडलेली असते. जगातल्या कार्बन उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचे आहेत. कधीच न उघडलेल्या खोलीच्या सिमेंटसाठीही इंधन जळून गेलेलं असतं. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात १ कोटी १० लाखांच्या वर घरं रिकामी सापडली. विजेच्या कोणत्याही तक्त्यात त्यांच्या वाट्याला जवळजवळ शून्य येतं, म्हणून ती आपल्या चर्चेत नसतात.

आता दुसरा आक्षेप, जो मला जास्त गंभीर वाटतो. भारतात माणशी वीजवापर अजून जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. लाखो कुटुंबं खुराड्यात राहतात. अशा देशात घर मोठं झालं म्हणून बोट दाखवणं क्रूर नाही का? वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. त्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या घरांत वीज जास्त लागेल, आणि ती लागायलाच हवी. मुलीला अभ्यासाला दार लावता येईल अशी खोली मिळण्याचं मोल कोणत्याही युनिटांत होत नाही. लहान घर म्हणजे आपोआप काटकसर असंही नाही. गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड किंवा मानखुर्दचं लल्लुभाई कंपाउंड इथे पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही. क्षयाचं प्रमाण तिथे जास्त आढळलं, आणि भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसावं लागतं. कमी जागेत माणसं कोंबून ऊर्जा वाचवण्याचा हा मार्ग कुणी सुचवत असेल तर त्याला माझा विरोध आहे.

पण म्हणूनच तर माणशी हिशेब हवा. माणशी शंभर चौरस फुटांवरून माणशी दीडशेवर जाणं आणि माणशी आठशेवरून दोन हजारावर जाणं या दोन्हीला ‘विकास’ असं एकच नाव देणं सोडून दिलं पाहिजे. सरकारच्या २०१९ च्या कूलिंग अॅक्शन प्लॅनचा अंदाज असा की २०१७-१८ मध्ये आठ टक्के घरांत असलेला एसी २०३७-३८ पर्यंत चाळीस टक्के घरांत पोचेल. चंद्रपूर, अकोल्याच्या मे महिन्यात तो पोचायला हवा. त्या वाढीसाठी ग्रिडमध्ये जागा लागणार. ती जागा आज रिकाम्या पाहुण्यांच्या खोल्या थंड करण्यात जाते आहे का, हे विचारणं गरिबांच्या बाजूचंच आहे.

एकत्र कुटुंबवाल्यांचं काय? त्यांच्या गणिताला आधार आहे, हे मान्य करायला हवं. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या जियांग्वो लिउ आणि युनिस यू यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की घटस्फोटानंतर एका घराची दोन झाल्याने २००५ या एका वर्षात अमेरिकेत ७३ अब्ज युनिट वीज जादा लागली. आपल्याकडे चुली वेगळ्या होतात तेव्हाही हेच घडतं. पण ज्या एका चुलीमुळे इंधन वाचत होतं, ती पेटवायला पहाटे उठणारी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवत होती. वेगळं राहता येणं, नवऱ्याचं घर सोडता येणं, नोकरीसाठी एकटीने पुण्या-मुंबईत खोली घेता येणं, यातून बायकांना जे मिळालं ते युनिटांच्या हिशेबात परत मागणं अन्यायाचं आहे. वीज वाचवण्यासाठी कुणी नकोशा संसारात राहावं, असं म्हणणारी पर्यावरणनिष्ठा मला नको.

मग उरतं काय? उरतं असं पुष्कळ. कुटुंब लहान होणं आपण थांबवू शकत नाही आणि थांबवू नये, पण लहान कुटुंबाला मोठंच घर का घ्यावं लागतं हे पाहता येतं. मुलं कॅलिफोर्नियात, आणि आईवडील कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या थ्री बीएचकेत दोघंच. ही आज हजारो मराठी घरांची स्थिती आहे. त्यांना एक खोली कुणा विद्यार्थिनीला द्यावीशी वाटली तर? अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, नोंदणी, पोलिसांना कळवणं, आणि त्याहून वर सोसायटीची नाराजी. कितीतरी सोसायट्या अविवाहितांना घर भाड्याने देऊ देत नाहीत, चार मैत्रिणींनी मिळून एक फ्लॅट घेतला तर संशयाने पाहतात. संस्कृतीच्या नावाखाली चाललेल्या या अडवणुकीमुळे एका छपराखाली स्वखुशीने राहू शकली असती अशी माणसं वेगवेगळ्या छपरांखाली जातात. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या याच लोकांना नात्याबाहेरचं एकत्र राहणं का खपत नाही? आणि वयाच्या पासष्टीला मोठा फ्लॅट विकून त्याच गल्लीत लिफ्ट असलेला, उजेडाचा, साडेचारशे फुटांचा चांगला फ्लॅट घ्यायचा म्हटलं तर तो बांधतं कोण? पुन्हा मुद्रांक शुल्क भरावं लागतं ते वेगळंच. स्वखुशीने आटोपशीर घरात जाऊ पाहणाऱ्या ज्येष्ठांना ते माफ करायला काय हरकत आहे?

घराच्या आकाराकडे कर लावताना पाहणं आपल्याला नवं नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. केरळात १ एप्रिल १९९९ नंतर बांधलेलं घर २७८.७ चौरस मीटर, म्हणजे तीन हजार चौरस फूट ओलांडत असेल तर त्यावर वार्षिक ऐषाराम कर आहे. आखातातल्या पैशांतून उभ्या राहिलेल्या आणि नंतर कुलूप लागलेल्या बंगल्यांच्या राज्याला तो सुचला, यात नवल नाही. कोकणात आपण त्याच वाटेवर आहोत. चिऱ्याच्या भिंती आणि कौलं उतरवून स्लॅबचे दुमजली बंगले उठतात. गणपतीला आणि शिमग्याला ते उघडतात, आणि तेव्हा वरच्या मजल्यावर एसीशिवाय झोपवत नाही. पण केरळचा कर असो की मुंबईची माफी, माणसं कुणीच मोजलेली नाहीत.

आणि सगळ्यांत उघड अन्याय वीजबिलात आहे. महावितरणचे घरगुती दर ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि ५०० च्या वर अशा टप्प्यांत चढत जातात. हेतू चांगला: कमी वापरणाऱ्याला स्वस्त, जास्त वापरणाऱ्याला महाग. पण ‘वापरणारा’ म्हणजे मीटर. समजा नाशिकच्या एका वाड्यात आठ माणसांचं कुटुंब महिन्याला ४०० युनिट वापरतं, माणशी ५०. शेजारच्या टॉवरमध्ये एक जोडपं २४० युनिट वापरतं, माणशी १२०. जोडप्याच्या वाट्याला सगळ्यांत स्वस्त टप्प्यातली माणशी ५० युनिट येतात, आठ जणांच्या वाट्याला माणशी साडेबारा. शिवाय कुटुंबाची वरची शंभर युनिट थेट तिसऱ्या टप्प्यात जातात, जोडप्याचं एकही जात नाही. निम्म्याहून कमी वीज वापरणाऱ्या माणसाला प्रत्येक युनिटामागे जास्त पैसे द्यायला लावणारी ही रचना बचतीला उत्तेजन देते, असं कोण म्हणेल? तिच्यातून सुटायला भाऊ एकाच घरात दोन मीटर मागतात, आणि मग खोटी वेगळी कुटुंबं तयार होतात.

ब्रिटनमध्ये १६९६ पासून खिडक्यांवर कर होता. जितक्या खिडक्या जास्त तितका घरमालक श्रीमंत, हा त्यामागचा तर्क. पण अनेक गरीब कुटुंबं भाड्याने राहत असलेली अख्खी इमारत एकच घर धरली जाई, म्हणून तिच्यावर कराचा दर चढे, मालक खिडक्या विटांनी बुजवीत आणि भाडेकरू अंधारात, कोंदट हवेत आजारी पडत. कर रद्द व्हायला १८५१ उजाडलं. चांगल्या हेतूच्या चढत्या दराने चुकीचं एकक धरलं की मार कुणाला बसतो, हे तिथे दीडशे वर्षं दिसत होतं. आपल्याकडेही सप्टेंबर २०१२ मध्ये कनेक्शनमागे वर्षाला सहाच सवलतीचे गॅस सिलिंडर ठरले तेव्हा दोघांच्या आणि दहांच्या घराला एकच कोटा मिळाला. ओरड झाल्यावर तो नऊ झाला, २०१४ मध्ये बारा झाला. माणसं मोजणं काही सुरू झालं नाही.

माणसं मोजायची तर खोटी नावं घुसतील, हा आक्षेप मी ऐकला आहे. रेशनवर माणशी किती किलो धान्य द्यायचं ते आपण रेशनकार्डावरची नावं मोजूनच ठरवतो. तिथे चालणारी गोष्ट मीटरवर का चालू नये? दक्षिण कोरियात पाच किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वीजबिलात सूट आहे. शांघायमध्ये अशा कुटुंबाला टप्प्यांची मर्यादा वाढवून मिळते. काही लबाडी होईल, पण आजची रचना लबाडी न करणाऱ्या प्रत्येक मोठ्या कुटुंबाकडून जादा पैसे घेते आहे, तिचं काय?

म्हणून पुढच्या वेळी वीज नियामक आयोगाची दरवाढीवर जनसुनावणी होईल तेव्हा ग्राहक संघटनांनी दर किती पैशांनी चढला एवढ्यावर थांबू नये. चारपेक्षा जास्त माणसं असलेल्या घराला प्रत्येक जादा माणसामागे पहिल्या टप्प्यात २५ युनिट वाढवून द्या, आणि त्याची भरपाई ५०० च्या वरच्या टप्प्यातून करा, अशी लेखी मागणी नोंदवावी. वरच्या उदाहरणातल्या आठ जणांचा पहिला टप्पा त्याने २०० युनिटांवर जाईल, आणि पुढचे टप्पेही तेवढेच सरकले तर त्यांची सगळी ४०० युनिट पहिल्या दोन टप्प्यांतच बसतील. एसीच्या अंशांवर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जण या सुनावणीला येतात, ते मला पाहायचं आहे.